ताळा जमला म्हणजे? एका एकवीस अंकी संख्येची २५९ वर्षांची कथा

१/
३१ ऑक्टोबर १९०३, शनिवार. न्यू यॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा भरली आहे. फ्रँक नेल्सन कोल नावाचे प्राध्यापक उठतात आणि एक शब्दही न उच्चारता फळ्याकडे जातात. दोनाला दोनाने गुणत गुणत ते ६७ व्या घातापर्यंत पोहोचतात, त्यातून एक वजा करतात. फळ्याच्या दुसऱ्या भागात दोन भल्यामोठ्या संख्यांचा गुणाकार मांडतात. दोन्हीकडचे उत्तर तंतोतंत एकच येते. कोल निमूटपणे जागेवर जाऊन बसतात आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो.

२/
गणिताच्या इतिहासातील ही सर्वांत लाडकी आख्यायिका. आजच्या थ्रेडमध्ये आपण दोन प्रश्न विचारणार आहोत. पहिला, त्या एकवीस अंकी संख्येत असे काय होते की तिच्यासाठी एका माणसाने वर्षे खर्ची घालावीत? दुसरा, हा प्रसंग खरोखर असाच घडला का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणित देईल. दुसऱ्यासाठी मात्र इतिहासाची साधने चाळावी लागतील.

३/
प्रथम संख्या डोळ्यांखालून घालू:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक, दहा, शंभर अशी अठरा स्थाने दिली आहेत. अठरावे स्थान परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या १४७५ परार्धांहूनही मोठी. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. त्या पटाला ६४ ऐवजी ६७ घरे असती, तर एकूण दाणे बरोबर इतके झाले असते. सोयीसाठी तिला ‘म-६७’ म्हणू. ‘म’ कोणाचा, ते पुढे कळेलच.

४/
कथेची सुरुवात मात्र ग्रीसमध्ये होते. ६ या संख्येचे स्वतःखेरीज विभाजक १, २, ३; त्यांची बेरीज ६. २८ चे विभाजक १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. बेरीज कमी पडली तर न्यून संख्या, जास्त भरली तर अधिक संख्या. संख्यांची ही तीन वर्णांतील वाटणी प्राचीनांनीच केली. त्यांना चारच परिपूर्ण संख्या ठाऊक होत्या: ६, २८, ४९६ आणि ८१२८.

५/
युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात एक सुंदर नियम सिद्ध केला. दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा करा. येणारी संख्या मूळ असेल, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भागली जात नसेल, तर तिच्यापासून परिपूर्ण संख्या तयार करता येते. दोनाचा तिसरा घात ८. वजा १ म्हणजे ७. सात मूळ आहे. त्याला दोनाच्या दुसऱ्या घाताने, ४ ने गुणा, २८ मिळाले. परिपूर्ण संख्यांचा शोध असा मूळ संख्यांच्या शोधात रूपांतरित झाला.

६/
घातांक स्वतः मूळ नसेल तर उत्तरही मूळ असू शकत नाही, हे सहज सिद्ध होते. पण घातांक मूळ असला की उत्तर मूळ येतेच का? २, ३, ५, ७ साठी येते. म्हणून अनेकांनी तसा समज करून घेतला. ११ पाशी तो ढासळतो. दोनाचा अकरावा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. चार उदाहरणांवरून नियम बांधणाऱ्यांना पाचव्या उदाहरणाने दिलेली ही चपराक होती.

७/
आता ‘म’ची ओळख. मारँ मर्सेन (१५८८–१६४८), पॅरिसमधील एक ख्रिस्ती मठवासी. वैज्ञानिक नियतकालिके जन्मण्यापूर्वीच्या युरोपात हा माणूस म्हणजे एक चालतेबोलते नियतकालिक होता. देकार्त, फर्मा, गॅलिलिओ अशा विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार चाले. एकाचा प्रश्न दुसऱ्याला कळवायचा, दुसऱ्याचे उत्तर तिसऱ्याच्या कानावर घालायचे, हा त्याचा नित्यक्रम. त्याच्या पत्रांवाचून सतराव्या शतकातील विज्ञानाचा इतिहास लिहिताच येणार नाही.

८/
१६४४ मध्ये मर्सेनने एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत ठाम विधान केले. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ अकरा घातांकांसाठी ‘दोनाचा घात वजा १’ ही संख्या मूळ येते:

२, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७

या रूपातील संख्यांना आज मर्सेन संख्या म्हणतात, त्या या यादीमुळेच. नववा घातांक पाहा: ६७. आपली म-६७ मूळ आहे, असे मर्सेनने लिहून ठेवले.

९/
त्याला हे कसे कळले? त्याने सिद्धता दिलेली नाही. किंबहुना पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळही अपुरा पडेल, अशा आशयाची कबुली त्यानेच दिली आहे. आणि म-६७ तर एकवीस अंकी! तरीही यादी टिकली, कारण ती खोडून काढण्याचे सामर्थ्य कोणापाशीच नव्हते. खोडता न येणे आणि खरे असणे यांतला फरक इतिहासाच्या अभ्यासकाने कधीही विसरू नये.

१०/
त्या काळी एखादी संख्या फोडण्याची, म्हणजे तिचे अवयव पाडण्याची, साधने कोणती होती? एक साधन आपल्याकडचे आहे. नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’त (इ.स. १३५६) अवयव पाडण्याची अशी रीत आहे: दिलेल्या संख्येत एखाद्या वर्गसंख्येची भर घालून पुन्हा वर्गसंख्या मिळते का ते पाहायचे. उदाहरणार्थ, ९१ मध्ये ९ मिळवा, १०० होतात. म्हणजे ९१ हे दहाचा वर्ग वजा तीनाचा वर्ग; म्हणून ९१ = १३ × ७.

११/
जवळजवळ तीन शतकांनी हीच रीत फ्रान्समध्ये फर्माने स्वतंत्रपणे योजली. १६४३ मध्ये मर्सेनने त्याला पत्राने विचारले, १,००,८९,५५,९८,१६९ ही संख्या मूळ आहे काय? फर्माने कळवले: नाही, ती ८,९८,४२३ आणि १,१२,३०३ यांचा गुणाकार आहे. म्हणजे यादी प्रसिद्ध करण्याच्या आदल्याच वर्षी मर्सेनला एका बारा अंकी संख्येसाठी दुसऱ्याची मदत घ्यावी लागली होती. एकवीस अंकी संख्येबद्दलच्या त्याच्या खात्रीचे मोल यावरून ठरवावे.

१२/
फर्माने आणखी एक मोलाची गोष्ट दिली होती. घातांक मूळ असेल, तर मर्सेन संख्येचा कोणताही मूळ विभाजक एका विशिष्ट साच्याचाच असतो: घातांकाची दुप्पट घ्या, तिच्या कोणत्याही पटीत एक मिळवा. घातांक २३ असेल तर ४६ च्या पटीत एक. पहिलाच उमेदवार ४७, आणि दोनाचा २३ वा घात वजा १, म्हणजे ८३,८८,६०७, ही संख्या ४७ ने खरोखरच भागली जाते. इटलीच्या कातालदीने ती मूळ ठरवली होती. फर्माच्या साच्याने एका भागाकारात तो दावा निकालात निघाला.

१३/
पुढचे मोठे पाऊल ऑयलरचे. १७७२ मध्ये त्याने घातांक ३१ साठीची संख्या, २,१४,७४,८३,६४७, मूळ असल्याचे दाखवले. मर्सेनच्या यादीतील ही आठवी नोंद खरी ठरली. यादीची प्रतिष्ठा अर्थातच वाढली. आठपैकी आठ बरोबर! मग नववी का चुकेल? विश्वास असाच वाढत जातो. वस्तुतः पहिल्या आठ संख्या तुलनेने लहान होत्या. खरी परीक्षा नवव्या नोंदीपासून सुरू व्हायची होती.

१४/
ती परीक्षा घेणारा माणूस म्हणजे एदुआर ल्युका (१८४२–१८९१). आपल्यापैकी अनेकांनी त्याचे खेळणे हाताळले असेल. तीन खुंट, लहानमोठ्या चकत्या, आणि मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही हा नियम: ‘टॉवर ऑफ हनोई’. १८८३ मध्ये ते बाजारात आले. त्याच्यासोबत एक कथाही फ्रान्समध्ये प्रसिद्धी पावली: काशीच्या देवळात पुजारी अखंड ६४ सोन्याच्या चकत्या हलवत आहेत, काम संपेल त्या क्षणी जगाचा अंत होईल.

१५/
‘प्राचीन भारतीय दंतकथा’ म्हणून ही गोष्ट आजही आपल्या मोबाइलवर फिरते. वास्तविक ती पॅरिसमधल्या एका खेळण्याच्या कौतुकातून आली. त्यातले गणित मात्र चोख आहे. ६४ चकत्यांना लागणाऱ्या चाली म्हणजे दोनाचा ६४ वा घात वजा १. सेकंदाला एक चाल धरली तरी सुमारे ५८ हजार कोटी वर्षे लागतील. गणित खरे, कथा रचलेली. ही जोडी ध्यानात ठेवा. पुढे पुन्हा भेटणार आहे.

१६/
१८७६ मध्ये ल्युकाने मर्सेन संख्यांसाठी एक विलक्षण कसोटी शोधली. डेरिक लेहमर यांनी १९३० मध्ये तिला दिलेले सुटसुटीत रूप असे: ४ पासून आरंभ करा. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. असे घातांकापेक्षा दोनने कमी वेळा करा. शेवटी बाकी शून्य उरली तर संख्या मूळ, अन्यथा नाही. संख्या कशाने भागली जाते हे शोधण्याची गरजच नाही!

१७/
कागद-पेन्सिल घ्या. घातांक ७, संख्या १२७. पाच पायऱ्या:
४ → १४ → ६७ → ४२ → १११ → ०
शून्य आले. १२७ मूळ आहे.

आता घातांक ११, संख्या २०४७. नऊ पायऱ्या:
४ → १४ → १९४ → ७८८ → ७०१ → ११९ → १८७७ → २४० → २८२ → १७३६
शून्य आले नाही. २०४७ मूळ नाही. लक्षात घ्या, २३ आणि ८९ ही नावे या आकडेमोडीत कोठेही उमटत नाहीत. कसोटी निकाल सांगते, कारण सांगत नाही.

१८/
याच मार्गाने ल्युकाने १८७६ मध्ये दोन निकाल दिले. घातांक १२७ साठीची ३९ अंकी संख्या मूळ आहे; १९५१ पर्यंत जगाला ज्ञात असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या राहिली. आणि दुसरा निकाल: म-६७ मूळ नाही. मर्सेनची यादी २३२ वर्षांनी मोडली. समाजमाध्यमांवर ‘कोल यांनी मर्सेनला खोटे ठरवले’ असे सर्रास लिहिले जाते, ते म्हणूनच बरोबर नाही. तो मान ल्युकाचा.

१९/
पण त्यातून एक चमत्कारिक परिस्थिती उद्भवली. म-६७ चे अवयव आहेत हे नक्की. ते कोणते, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही. घरात चोर शिरला हे सिद्ध झाले आहे, पण चोर दिसत नाही, असा काहीसा प्रकार. ही स्थिती सत्तावीस वर्षे टिकली.

२०/
म-६७ फसवीही आहे. फर्माचा एक प्रसिद्ध नियम सांगतो: संख्या दोनापेक्षा मोठी व मूळ असेल, तर दोनाचा तिच्याहून एकने कमी इतका घात तिने भागल्यास बाकी १ उरते. म-६७ ही परीक्षा बिनबोभाट उत्तीर्ण होते! मूळ नसूनही मूळ संख्येसारखी वागणाऱ्या अशा संख्यांना छद्ममूळ म्हणता येईल. ३४१ ही त्यांतली सर्वांत लहान. ती ११ × ३१ आहे. नियमाचा व्यत्यास खरा नसतो, हा धडा म-६७ फार मोठ्या प्रमाणावर देते.

२१/
आता कोल. फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) हार्वर्डमध्ये शिकले, जर्मनीत फेलिक्स क्लाइन यांच्याकडे त्यांनी अध्ययन केले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८९६ पासून चोवीस वर्षे ते अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे सचिव होते. म्हणजे सुरुवातीच्या प्रसंगात फळ्याकडे गेलेला माणूस कोणी आगंतुक नव्हता. त्या सभेची व्यवस्था पाहणाराच होता.

२२/
त्यांच्यापुढचे काम किती मोठे होते, हे आपणच मोजून पाहू. फर्माच्या साच्यानुसार म-६७ चा विभाजक १३४ च्या पटीत एक मिळवून येणारा हवा. शिवाय आठाने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरायला हवी. यामुळे निम्मे उमेदवार गळतात. तरीही लहान विभाजक हाती लागेपर्यंत सात लाखांहून अधिक उमेदवार उरतात. त्यांतले उघडउघड संयुक्त वगळले, तरी एकवीस अंकी संख्येचे लक्षावधी भागाकार, तेही हाताने!

२३/
नारायण पंडितांची आणि फर्माची रीत वापरली तर? दोन अवयव जवळजवळचे असतील तर ती चटकन यश देते. म-६७ चे अवयव मात्र एकमेकांपासून फार दूर आहेत. त्या रीतीने एकेक पायरी चढत गेल्यास ३६ हजार कोटींहून अधिक पायऱ्या लागल्या असत्या. कोल यांनी वेगळी वाट धरली. म-६७ चे अनेक वर्गशेष शोधायचे आणि त्यांच्या आधारे विभाजक कोणत्या रूपाचा असूच शकत नाही हे ठरवत चाळणी लावत जायचे. प्रत्येक चाळणीनंतर उमेदवार कमी होत गेले.

२४/
अखेर उत्तर गवसले:

म-६७ = १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

दोन्ही अवयव मूळ आहेत. कोल यांचा मोठ्या संख्यांच्या अवयवांविषयीचा चार पानांचा लेख सोसायटीच्या बुलेटिनच्या दहाव्या खंडात १९०३ मध्येच छापला गेला. त्यात त्यांनी आपली पद्धत मांडली आहे. हा झाला आपला अव्वल दर्जाचा पुरावा: समकालीन, छापील आणि खुद्द कर्त्याचा.

२५/
मग तो मूक प्रसंग, त्या टाळ्या? ही कथा जगभर पसरली ती गणिताचे लोकप्रिय लेखक एरिक टेंपल बेल यांच्या १९५१ च्या पुस्तकामुळे. घटनेनंतर ४८ वर्षांनी आणि कोल यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. १९०३ मध्ये बेल वीस वर्षांचे विद्यार्थी होते, तेही दूर कॅलिफोर्नियात. म्हणजे ते प्रत्यक्षदर्शी नव्हेत. १९११ मध्ये आपण कोल यांना किती वेळ लागला असे विचारले आणि त्यांनी ‘तीन वर्षांचे रविवार’ असे उत्तर दिले, हेही बेल यांचेच सांगणे.

२६/
बेल यांची बाजूही पाहू. त्यांनी कोलंबियातून १९१२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. म्हणजे १९११ मध्ये कोल यांच्याशी त्यांचे बोलणे होणे पूर्णपणे शक्य आहे. फळ्यावरचा गुणाकारही अशक्य कोटीतला नाही. १९३७०७७२१ मध्ये एक शून्य असल्याने आठच ओळी मांडाव्या लागतात. सराव असलेल्या माणसाला हे काम अल्पावधीत जमेल. तारीख जुळते, स्थळ जुळते, व्यक्ती जुळते. पण बेल हे कथा रंगवून सांगण्याबद्दल प्रसिद्ध होते, हेही विसरून चालणार नाही.

२७/
येथे आपल्या आजोबांच्या पिढीचा एक शब्द कामी येतो: ताळा. नवाचा ताळा आपल्याकडे फार जुना. दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धांता’त तो येतो. कोल यांच्या गुणाकाराला लावून पाहा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, म्हणजे १०, म्हणजे १. म-६७ च्या अंकांची बेरीज १०९, म्हणजे १०, म्हणजे १. आणि १ × १ = १. ताळा जमला!

२८/
पण ताळ्याचा स्वभाव ध्यानात घ्या. ताळा चुकला तर गणित नक्की चुकले. ताळा जमला, तर गणित बरोबर असू शकते, एवढेच. दोन अंकांची अदलाबदल झाली तरी तो जमतोच. मर्सेनच्या पहिल्या आठ नोंदी जुळल्या, हा असाच ताळा होता. म-६७ ने फर्माची परीक्षा उत्तीर्ण केली, हाही तसाच. आणि बेल यांच्या कथेतील तारखा जुळतात, हाही ताळाच. सिद्धता वेगळी. तिच्यासाठी पूर्ण गुणाकार करावा लागतो.

२९/
म्हणून माझे मत असे: अवयव निःसंशय खरे, लेख निःसंशय खरा; मौन आणि टाळ्या ‘बेल यांच्या कथनानुसार’ एवढ्याच पुस्तीसह सांगाव्यात. यात कोल यांचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही. उलट कथेच्या झगमगाटात झाकला गेलेला ल्युका पुन्हा उजेडात येतो. आख्यायिकेने सर्वांत मोठा अन्याय केला असेल तर तो त्याच्यावर.

३०/
यादीचे पुढे काय झाले? १८८३ मध्ये इव्हान पेर्वुशिन या रशियन धर्मोपदेशकाने घातांक ६१ ची संख्या मूळ असल्याचे दाखवले; मर्सेनने ती गाळली होती. ६७ हा ६१ चा छापखान्यातील मुद्रणदोष असावा, असा एक तर्क आहे. पण तेवढ्याने यादी वाचत नाही. १९११ मध्ये ८९ आणि १९१४ मध्ये १०७ हे सुटलेले घातांक राल्फ पॉवर्स यांनी उजेडात आणले. १९२२ मध्ये क्राइचिक यांनी २५७ ची नोंद चुकीची ठरवली. एकूण पाच चुका: दोन जादा, तीन गहाळ.

३१/
आज म-६७ ची ओळख अशी नोंदवता येईल: विषम, संयुक्त, नेमक्या दोन मूळ अवयवांची, न्यून, पाया २ साठी छद्ममूळ. आणि आपल्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ज्यांना ‘हर्षद’ हे नाव दिले, अशा स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांत ती बसते का? बेरीज १०९, ती म-६७ ला भागत नाही. म्हणून हर्षद नाही. मूळ असती, तर तिने आपल्याला एक नवी परिपूर्ण संख्या दिली असती. तोही मान हुकला.

३२/
मग या संख्येने दिले काय? कोल यांना कित्येक रविवार लागले ते अवयव शोधायला. गुणाकार करून पाहायला थोडा वेळ पुरतो. गुणणे सोपे, फोडणे कठीण. याच विषमतेवर १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी संदेश गुप्त राखण्याची पद्धत उभारली. त्याच वर्षी आव्हान म्हणून मांडलेली १२९ अंकी संख्या फोडायला १९९४ साल उजाडले, तेही शेकडो स्वयंसेवकांचे संगणक जोडून. आज म-६७ चे अवयव तुमचा मोबाइल क्षणार्धात सांगेल. शेकडो अंकी संख्यांपुढे मात्र तोही हतबल आहे.

३३/
मर्सेन संख्यांचा शोध अद्याप चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, आजवर ज्ञात असलेली बावन्नावी मर्सेन मूळ संख्या चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची आहे. तिचा घातांक १३,६२,७९,८४१. आणि अशा संख्यांवर शेवटची मोहोर उमटते ती ल्युकाच्याच कसोटीने: वर्ग करा, दोन वजा करा, बाकी ठेवा.

३४/
या रविवारी एक तास काढा. कागदावर १९३७०७७२१ ला ७६१८३८२५७२८७ ने गुणा. मोबाइल दूर ठेवा. उत्तर एकवीस अंकी येईल. आधी ताळा पाहा; मग वर दिलेल्या संख्येशी एकेक अंक जुळवा. १९०३ च्या त्या सभेत टाळ्या वाजल्या की नाही, याची साक्ष द्यायला आज कोणी उरलेले नाही. तो गुणाकार मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला स्वतः करून पाहता येतो. ज्यांना जमेल त्यांनी आपल्या वहीच्या पानाचे छायाचित्र प्रतिसादात जरूर टाकावे.

थ्रेड समाप्त.